कोलोस्टॉमी झाल्यापासून बाबा घराबाहेरच पडत नाहीत, काय करू?

बाबांचं रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कायमची कोलोस्टॉमी आहे, म्हणजे शी पोटावर केलेल्या तोंडातून बॅगेत येते. रिपोर्ट चांगले आलेत पण माणूस पार मिटून गेलाय. एकदा पाहुण्यांसमोर बॅग लीक झाली, तेव्हापासून कुणाकडे जाणं नाही, फिरणं नाही आणि आता बॅग भरू नये म्हणून जेवणच कमी केलंय. बॅग आई बदलते, ते तिकडे बघतसुद्धा नाहीत. समजावून थकले.

प्रतिसाद १
मला स्वतःला कोलोस्टॉमी आहे. समजावणं सोडा, आधी लीक थांबवा, भीती त्याचीच असते. ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवडे स्टोमाची, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडाची, सूज उतरत जाते, तो लहान होतो, पण घरात बॅगेच्या कातडीला चिकटणाऱ्या प्लेटचं भोक जुन्याच मापाने कापत राहतात, मग मधली कातडी उघडी पडते, शी लागून सोलवटते आणि ओल्या कातडीवर प्लेट काही धरत नाही. परत माप घ्या, भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं ठेवा. कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करा, क्रीम-तेल नको, प्लेट लावली की वर तळहात थोडा वेळ दाबून ठेवा, उबेने नीट बसते. आणि उपाशी राहून उलट गॅस जास्त होतो हो, जेवू द्या त्यांना.

प्रतिसाद २
स्टोमा नर्स आहे. वरचं सगळं बरोबर. स्टोमाला हात लावला तर दुखत नाही, तिथे वेदना कळतच नाही, हे बाबांना सांगा, बरेच जण त्या धास्तीनेच बघत नाहीत. पुसताना किंचित रक्त आलं तर घाबरू नका, पण रंग काळपट झाला तर लगेच डॉक्टर. कोलोस्टॉमी डाव्या बाजूची असेल तर इरिगेशनबद्दल सर्जनना विचारा, ठरलेल्या वेळी स्टोमातून कोमट पाणी सोडून पोट साफ करायचं, जमलं तर पुढच्या वेळेपर्यंत बॅगेत फारसं काही येत नाही.

प्रतिसाद ३
ताई, आईंचंही बघा. मिस्टरांची बॅग मीच बदलायचे तेव्हा मी नर्स आणि ते पेशंट, एवढंच नातं उरलं होतं. ते स्वतः करायला लागले आणि आम्ही परत भांडायला लागलो, इतकं बरं वाटलं!

प्रश्नकर्ती
आत्ताच मोजलं, भोक खरंच खूप मोठं कापतोय आम्ही. इरिगेशन केमो चालू असताना चालतं का?

प्रतिसाद २
केमोत जुलाब होत असतील तर नको. सर्जननी हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका आणि पहिल्यांदा नर्ससमोरच करा.