मदत हवी आहे: आईला उन्हात बसवू की नको?

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, आम्ही परळला राहतो. कंबर सतत दुखते म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व फक्त ९! २०च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून दिली आहे. ती चालू आहे.

गोंधळ उन्हाचा. चाळ पाडून टॉवर झाला, अंगण गेलं, गच्चीला कुलूप. आई बंद काचेच्या खिडकीत पाठ शेकत बसते. ड तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे आणि ते काचेतून जवळपास येतच नाहीत, पण हे तिला कोण पटवणार! तिकडे मेलबर्नची बहीण फोनवर ओरडते, "उन्हात नेऊ नकोस, कॅन्सर होतो." तिचं चुकत नाही, तिथे गोऱ्या कातडीत प्रमाण फार आहे. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून तो धोका कमी. पण ड बनायलाही वेळ जास्त. मग किती वेळ बसवायचं?

खरी धास्ती वेगळीच. आईच्या तळपायाला मसुराएवढा काळा डाग आहे. ती म्हणते, "जुनाच आहे गं." सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक गंभीर कॅन्सर, बरेचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, हे वाचल्यापासून झोप उडाली आहे.

दादर-परळ भागात डर्मोस्कोपी (खास भिंगातून डाग तपासणं) करणारे त्वचारोगतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? साधारण खर्च किती येतो? आणि आईला तिथवर न्यायला काय कारण सांगू? डागासाठी ती येणार नाही.