मदत हवी आहे: वडिलांच्या आधारवर भलत्याचंच कर्ज

रावेरहून लिहितोय. केळीच्या ठिबकसाठी कर्ज हवं म्हणून वडिलांनी मागच्या वर्षी एका खाजगी फायनान्सवाल्याकडे आधार, पॅन, सातबारा दिला. कर्ज काही मिळालं नाही. आता सिबिल काढलं तर त्यांच्या नावावर मोबाईलचं कर्ज, वर हप्ते थकलेले! वडील अजून बटणाचाच फोन वापरतात, मागचं झाकण रबर लावून धरलेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही टाकली. वकील म्हणाले, ओळख चोरल्याबद्दल आयटी कायद्याचं कलम ६६सी लागेल: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. पण तो चोर सापडला तर ना! आणि कागद ज्याच्याकडून फुटल्याचा संशय आहे, त्याचं काय?

भाचा जर्मनीत असतो. तिकडच्या जीडीपीआरमध्ये, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात, म्हणे डेटा फुटला तर कंपनीने साधारण ७२ तासांत यंत्रणेला कळवायचं, मोठ्या चुकांना २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त तिथपर्यंत दंड. शिवाय ज्याचं नुकसान झालं तो भरपाई मागू शकतो. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. बापाच्या हाती भोपळाच.

भाऊ, आयटी कायद्याच्या कलम ४३अ खाली (कंपनीच्या निष्काळजीपणाने माहिती फुटली तर भरपाई) राज्याच्या आयटी सचिवांकडे भरपाईचा अर्ज कोणी केलाय का? त्या २०२३ च्या कायद्याने ते कलम जाणार आहे, म्हणून घाई. मुंबईला खेटे घालावे लागतात का? जळगाव-भुसावळकडे असं काम करणारे वकील माहीत असतील तर इनबॉक्समध्ये सांगा.