सल्ला हवा: मानेत ओपीएलएल, ऑपरेशन पुढून की मागून?

निशिगंध:
बाबा ६४ वर्षांचे. सहा महिन्यांपासून शर्टाची बटणं लावता येत नाहीत, जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. एमआरआयमध्ये ओपीएलएल निघालं. मणक्यांना मागून धरणारा अस्थिबंध हाडासारखा कडक झालाय आणि मज्जारज्जू दबलाय. एक सर्जन पुढून ऑपरेशन सुचवतात, दुसरे मागून. मान दुखत नाही म्हणून बाबा थांबू म्हणतात. पूर्ण बरे होतील का?

वाटसरू:
दुखत नाही यावर जाऊ नका. माझ्या आईचीही मान दुखत नव्हती. आम्ही आठ महिने गोळ्या आणि मालिशीत घालवले, ती चुटपुट अजून आहे. तीन वर्षांपूर्वी मागून लॅमिनोप्लास्टी केली, म्हणजे मणक्यांच्या मागच्या कमानी उघडून मज्जारज्जूला जागा करून दिली. चाल सुधारली, काठी सुटली. बोटांचा बधिरपणा मात्र राहिलाच, सुईत दोरा आजही मीच ओवून देतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिचा उजवा हात खांद्यातून वर जाईना, आम्ही हादरलो. तो चार महिन्यांत हळूहळू वर आला.

अनुजा_फिजिओ:
वाटसरू, ती सी-५ नसेची, म्हणजे मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसेची कमजोरी. शंभरात साधारण पाच जणांना होते, बहुतेकांची भरून येते. आधी सांगून ठेवलेलं असलं की घरचे घाबरत नाहीत.

निशिगंध, सीटी स्कॅन झालाय का? हाडाची जाडी एमआरआयपेक्षा त्यात नीट दिसते. मागून केलं की मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळते, पण मानेचा बाक नीट हवा. हाडाने मज्जारज्जूच्या नलिकेची ६० टक्क्यांहून जास्त जागा व्यापली असेल, किंवा ते के-लाइनच्या (मानेच्या दुसऱ्या आणि सातव्या मणक्यापाशी नलिकेचे मध्य जोडणारी रेषा) मागे आलं असेल, तर मागून केलेल्याचा फायदा कमी होतो. मग पुढून करण्याकडे कल असतो. त्यात धोका असा की मज्जारज्जूचं आवरण हाडाला चिकटलेलं असलं तर ते फाटून पाणी गळतं. दोन्ही सर्जनना के-लाइनबद्दल थेट विचारा.

पूर्ण बरे होतील असं कुणी छातीठोक सांगू नये. आणखी बिघडणं थांबवणं हा पहिला हेतू, सुधारणा त्यानंतर. चाल बिघडून जितके दिवस जातात तितकं कमी परत मिळतं. मान ओढून किंवा मोडून घेऊ नका, आणि पडू तर अजिबात देऊ नका, साध्या धक्क्यानेही हातपाय जाऊ शकतात.

घरी एक करा: दहा सेकंदांत मूठ भराभर उघडमीट करायला सांगा. वीसच्या आत आली तर मज्जारज्जूवर परिणाम झाल्याची खूण.

निशिगंध:
आत्ताच करून घेतलं. बारा. बाबा स्वतःच मोजत होते. सीटीची उद्या सकाळची वेळ घेतली.