रडण्यापेक्षा रडू आवरणं

पडद्यावर ढसाढसा रडता आलं म्हणजे अभिनय जमला, असं बरेचदा म्हटलं जातं; मला काही ते पटत नाही. रडू आवरताना माणूस जास्त दिसतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग आठवा. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, कधी एका बाईच्या दृश्याला जोडला. प्रेक्षकांना म्हणे त्यात भूक, दुःख, वासना दिसली! चेहरा तोच. म्हणजे नटाने जागा रिकामी ठेवली की ती प्रेक्षक भरतो.

याचा अर्थ सगळं शॉट जोडणारा संकलकच करतो, असं मात्र नाही; नटालाही बरंच सांभाळावं लागतं. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही; शेवटचा प्रसंग पहिल्याच दिवशी उरकलेला असू शकतो. क्लोजअपच्या, म्हणजे चेहरा जवळून टिपण्याच्या वेळी समोरचा नट कधीकधी घरी गेलेला असतो, आणि स्टँडवरच्या टेपच्या तुकड्याकडे बघून प्रेम करायचं असतं. त्यातही मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून टिपताना, ज्या शब्दाला कप उचलला, क्लोजअपमध्येही त्याच शब्दाला उचलायचा. चुकलात तर शॉट जुळत नाहीत आणि नेमका तुमचा सर्वांत चांगला टेक बाद होतो.