मदत हवी आहे: ऑडिशनसाठी हेडशॉट कुठे काढावेत? (फोंडा/पणजी/मडगाव)

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, वय २६, जत्रेतल्या नाटकांत कामं करते. आता मुंबईच्या मालिकांसाठी फोटो पाठवायचेत: क्लोजअप, मिड, फुल लेन्थ, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, मेकअप जवळजवळ नाहीच.

एका स्टुडिओत काढले, पण त्यांनी चेहरा इतका गुळगुळीत केला की आई म्हणाली, ही कोण? गालावरचा तीळसुद्धा गायब! मग भावाने मिरामारला मोबाइलवर काढले, तर भर दुपारच्या उन्हाने डोळ्यांखाली काळ्या सावल्या.

प्री-वेडिंगवाले पायलीचे पन्नास मिळतात, ते नकोत. बजेट ५,००० पर्यंत, मोकळा फक्त रविवार. चेहरा आहे तसा ठेवणारा फोटोग्राफर कुणी स्वतः अनुभवलाय का? की सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी मोबाइलवर काढलेले पहिल्या फेरीला चालतात?