तीस वर्षांनी सापडलेली सुरी: जुनी सुधारावी की नवी घ्यावी?

प्रश्न
शाळेत असताना लाकूड तासायला माझ्याकडे एक न मिटणारी, स्थिर पात्याची सुरी होती. पुढे शिक्षण, नोकरी आणि संसार यांत ती कुठे गेली याची मी कधी चौकशीही केली नाही. गेल्या महिन्यात जुनी ट्रंक उपसताना ती चामड्याच्या म्यानासकट हाती लागली आणि, खोटे कशाला बोलू, त्या रात्री मी पहाटेपर्यंत सुऱ्यांविषयीच वाचत बसलो. पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब व ३ मिलिमीटर जाड असून मुठीजवळ तांबडा गंज आणि टोकाकडे करडे-निळसर डाग आहेत. धार इतकी बोथट आहे की कागद कापण्याऐवजी दुमडतो. ही सुधारेल का? नवी घ्यायची झाल्यास साधे कार्बन पोलाद घ्यावे की स्टेनलेस?

उत्तर १
सुधारेल. करडे डाग घासू नका. वापरातून चढलेला तो थर तांबड्या गंजाला थोडाफार अडवतोच. तांबडा गंज मात्र बारीक स्टील वूल आणि थेंबभर मिनरल ऑइल घेऊन हलक्या हाताने काढावा. खरा दोष म्यानाचा आहे, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्येही पोलादाला बाधतात. यापुढे सुरी तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेरच ठेवावी.

उत्तर २
पोलादाच्या नावांत फार अडकू नये, असे माझे मत आहे. १०९५ या साध्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्का कार्बन असतो, पण क्रोमियम जवळपास नसते, म्हणून ते गंजते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान साडेदहा टक्के असते, तरी तेही अगदीच गंजत नाही असे नाही. यापेक्षा पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून व थंड करून कठीण कसे केले आहे, हे महत्त्वाचे. रॉकवेल मापावर ५८ ते ६० कठीणपणा असलेली साधी सुरी धार बरीच टिकवते आणि दगडावर लवकर लागतेही. नवी घेताना पाते मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेले आहे का, तेवढे पाहा. (सोबत बाळगण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी वाचून घ्यावेत.)

उत्तर ३
नवी घेण्याआधी हिलाच धार लावून पाहा. धारेलगतच्या उतारावर मार्करची शाई फासा आणि १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचे माप) दगडावर दोन-तीन हात फिरवा. शाई नुसती वरच्या कडेची गेली, तर सुरी फार आडवी धरली जात आहे. नुसती धारेची गेली, तर फार उभी. कोन जुळला की एकाच बाजूने घासत राहावे. पलीकडच्या बाजूला नखाला अडकेल अशी धातूची बारीक कोर उठते, आणि ती टोकापासून मुठीपर्यंत सलग जाणवेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. गंज निघाला, खाली बारीक खड्डे आहेत, पण ते धारेपर्यंत पोचलेले नाहीत. काल शाई फासून पाहिली, तर वरचीच कड पुसली गेली, म्हणजे मी सुरी आडवी धरत होतो. पाऊण तासाने कोर उठली, पण टोकाशी दोन सेंटिमीटर अजून काहीच लागत नाही. पाते वळते तिथे मूठ किंचित उचलावी लागते का?

उत्तर ३
होय, वळण सुरू होताच उचलावी. शाई पुन्हा फासून तेवढाच भाग घासा.