ताट वाढल्यावर खेळ थांबवता येतो का?

तिरफळ :
माझा मुलगा नववीत आहे. रात्री साडेआठला ताटे वाढून हाक मारली की रोज एकच उत्तर येते : ‘आई, हा खेळ मधेच थांबवता येत नाही.’ तो मोबाइलवर बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे मुलांच्या भाषेत बीजीएमआय, हा एकमेकांना मारत शेवटपर्यंत जिवंत राहण्याचा खेळ खेळतो. आम्ही लहानपणी टीव्हीला डबा जोडून, कॅसेट लावून मारिओ खेळायचो तेव्हा स्टार्टचे बटण दाबले की मारिओ होता तिथेच उभा राहायचा, आणि आमचे जेवण होईपर्यंत त्याला काही होत नसे. त्यामुळे मला ही सबब वाटते. काल मी चिडून वायफायच बंद केले, तर तो न जेवता झोपला. त्याचे म्हणणे खरे आहे की ती पळवाट आहे?

रातपाळी :
तुमचा मुलगा खरे बोलतो आहे, पण अर्धेच. मारिओचा सगळा खेळ तुमच्या घरातल्या डब्यात होता. बीजीएमआयचा सामना मात्र दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि त्यात शंभरपर्यंत खेळाडू एकाच वेळी उतरलेले असतात, त्यामुळे एकासाठी तो थांबणे शक्य नसते. एरँगल हा त्यातला जुना नकाशा ८ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. त्यावरचे सुरक्षित वर्तुळ, म्हणजे ज्याच्या आत राहिले तरच खेळाडू टिकतो ते, आक्रसत जाते आणि शेवटपर्यंत टिकले तर साधारण अर्धा तास लागतो. तुम्ही वायफाय बंद केलेत तेव्हा सामना थांबला नाही, फक्त तुमचा मुलगा त्यातून गेला आणि त्याच्या चमूतले बाकीचे तिघे अडचणीत आले. त्याचा राग त्यापायी असावा.

मात्र सामना सुरू कधी करायचा, हे पूर्णपणे त्याच्या हातात असते. सव्वाआठला एरँगलमध्ये उडी मारून साडेआठला ‘थांबवता येत नाही’ म्हणणे ही पळवाटच आहे. वेळ कमी असेल तर २ किलोमीटरचा लिव्हिक नकाशा आहे, तो पंधरा मिनिटांच्या आसपास आटोपतो.

गल्लीतला गोलंदाज :
आमच्या गल्लीत स्वतःची बॅटिंग झाली की ‘आईने बोलावलंय’ म्हणून घरी पळणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नसे. तुम्ही वायफाय बंद करून मुलाला त्याच रांगेत बसवलेत, आणि त्याच्या मित्रांना ते त्याने मुद्दाम केले की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही.

रातपाळी यांनी एक गोष्ट सांगितली नाही. चमूतला एखादा गडी मेला तरी तो उरलेल्यांचा खेळ पडद्यावर बघत बसू शकतो. माझा भाचा तसाच वीस-वीस मिनिटे बसतो आणि विचारले तर ‘मॅच चालू आहे’ म्हणतो. मॅच चालू असते हे खरे, पण तो त्यात नसतो! तेव्हा ‘चालू आहे का’ असे न विचारता ‘तू जिवंत आहेस का’ असे विचारावे.

ताकपिठं :
अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना या खेळात दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मुलाने खाते वडिलांच्या वयावर उघडलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. आमच्याकडे तसेच निघाले. शिवाय जेवताना मोठ्यांनी ऑफिसचे फोन घ्यायचे आणि मुलाने सामना सोडायचा, असा नियम घरात फार दिवस टिकत नाही, हा स्वानुभव आहे.

तिरफळ :
सर्वांचे आभार. मी मुलाला ‘जिवंत आहेस का’ असे विचारल्यावर तो आधी दचकला, मग हसला, आणि मेल्यानंतरही आपण बसून असतो हे त्याने कबूल केले. वायफायबद्दल मी त्याची माफी मागितली. आता असे ठरले आहे की आठनंतर नवा मोठा सामना सुरू करायचा नाही, आणि मी जेवण साडेआठला तयार ठेवायचे. हा दुसरा भाग मला महागात पडला आहे, कारण काल माझ्याच भाकरी व्हायला पावणेनऊ वाजले आणि तो साडेआठपासून पाटावर बसून घड्याळाकडे बघत होता.